वडिलांचं बसणं

चिंचवडात आमच्या शेजारी एक नट राहायचे. नाटकात सावकार, सिनेमात कधी पोस्टमन, कधी मुलीचा बाप. नायक कधीच नाही, त्यामुळे गावात त्यांचं फारसं कौतुकही नव्हतं. काम नसलं की ओट्यावर तंबाखू मळत येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत बसायचे. "चाल उचलतो मी लोकांची," म्हणायचे, "कुणाला कळत बी न्हाई."

वडील गेले त्या साली पिंपरीच्या माळावर तंबूतला सिनेमा आला. आई घराबाहेर पडत नव्हती, मीच तिला ओढून नेलं. पडद्यावर आमचे शेजारी मुलीचा बाप होऊन आले. उपरण्याच्या टोकाने त्यांनी ओटा झटकला, गुडघ्यावर हात ठेवून "हं" केलं आणि सावकाश बसले. माझे वडील अगदी असेच बसायचे. आईने माझा हात घट्ट धरला. पुढे तो सिनेमा होता तोवर ती रोज गेली. लोक बोलायचे ते बोलले.

तंबू उठला तेव्हा आईने त्यांना चहाला बोलावलं. "भावजी, एकदा तसं बसून दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी खांद्यावरचं उपरणं हातात घेतलं. वडिलांच्या बसायच्या जागेकडे बघितलं आणि उपरणं परत खांद्यावर टाकलं.

"वैनी, मला वाटलं हुतं, कुणाला कळत न्हाई."

चहा त्यांनी उभ्यानेच घेतला. नंतरही ते आमच्याकडे पुष्कळदा आले, पण आमच्या घरात कधी बसले नाहीत.