दोन्ही बाजूंनी

जयपूरचे आमचे शेजारी सरकारतर्फे खाजगी बसमालकांशी मार्गांचे करार ठरवत. ते कुणाचा चहाही घेत नसत. समोरच्यावर अन्याय नको म्हणून ते स्वतःच उठून बसमालकाशेजारी बसत आणि त्याच्या वतीने सरकारला उत्तर देत.

विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या कारखान्यातून मी रोज पायी घरी येई. संध्याकाळची बस मिळावी म्हणून मी त्या मार्गाच्या कराराच्या त्यांच्या बैठकीला गेलो. आपल्या खुर्चीतून त्यांनी बस मागितली, पलीकडे जाऊन साफ नाकारली. तासभर हेच चाललं. शेवटी बसमालकाने हात जोडले. "बाबूजी, चला देंगे बस!"

"आप बीच में मत बोलिए," ते त्याच्या शेजारून गरजले. "अभी मैं मना कर रहा हूँ!"

बस मिळाली नाही. बाहेर पडताना ते हळहळले, "क्या करें भाईसाब, सामनेवाली पार्टी बड़ी सख्त थी."