तंबाखूच्या गोडाऊनात दोन महिने

शटर वर गेलं आणि मालती टीचरनी पदर नाकाला लावला.

"पवार, हा वास कसला?"

मी आत शिरलो. दोनदा जोरात श्वास घेतला. मला काही आला नाही.

"बंद होतं ना टीचर, कोंदटलंय. वारा लागला की जाईल."

त्यांनी ऐकलं नाही. गादीला नाक लावलं. मग पुस्तकांचा एक खोका फोडायला लावला, एक पुस्तक उघडून हुंगलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तंबाखू. अख्खं घर तंबाखू झालंय माझं. आणि आमच्या ह्यांना दमा आहे, तुम्हाला माहीत होतं."

माहीत होतं. सर्व्हेला गेलो तेव्हाच सांगितलं होतं. सर्व्हे म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन एकेक वस्तू बघायची, लिस्ट करायची, केवढा ट्रक लागेल ते सांगायचं. त्यांचे यजमान रावसाहेब त्या दिवशी खिडकीपाशी हातात पंप घेऊनच बसले होते. तोंडात फवारा मारायचा तो पंप.

दोघं म्हैसूर सोडून पुण्याला चालले होते, लेकीजवळ. इथला फ्लॅट विकला गेला, घेणाऱ्याला लगेच चावी पाहिजे. पुण्याचा बिल्डर म्हणाला, अजून दोन महिने. मग माणसं लेकीच्या दोन खोल्यांत आणि सामान माझ्याकडे. अशा कामाला आम्ही स्टोरेज म्हणतो. इथून उचलायचं, मध्ये कुठंतरी ठेवायचं, फ्लॅट तयार झाला की पोचवायचं. आता तो तयार झाला होता आणि सामान चढवून घ्यायला टीचर एकट्या पुण्याहून आल्या होत्या.

माझं नेहमीचं गोडाऊन त्या वेळी भरलेलं होतं. म्हणून म्हैसूरजवळ हुणसूरला हे घेतलं. तिकडं सगळा तंबाखूचा मुलूख. लिलाव संपले की उन्हाळ्यात गोडाऊनं रिकामी पडतात. पक्की फरशी, ओल नाही, वाळवी नाही, एक झुरळसुद्धा दिसलं नाही. मी खूश झालो. झुरळ का नाही, हे डोक्यात आलं नाही.

त्यात मी काम नियमानं केलं होतं. स्टोरेजमध्ये गादी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधायची नसते, आत बुरशी धरते. जाड कापडात बांधायची, म्हणजे तिला हवा लागते. तशीच बांधली. हवा लागली. हवेत जे होतं ते पण लागलं.

आता खरं सांगतो. मी चौदाव्या वर्षापासून तंबाखू खातो. माझा हमाल महादेव खातो, त्याच्या हाताखालचे तिघं खातात. आमच्या पाचांत नाक म्हणण्यासारखं एकही नव्हतं.

आधी हे काम माझी बायको करायची. यमुना. नवीन गोडाऊन बघायचं असलं की टेम्पोत पुढं बसून यायची. आत जायची, शटर खाली ओढायला लावायची, पाच मिनिटांनी बाहेर. "नको" म्हणाली की नको. मला वाटायचं, बाईला टेम्पोतनं फिरायची हौस आहे. आत काय करतेस, हे मी एकदाही विचारलं नाही. वास घ्यायची. ती जाऊन सहा महिने झाल्यावर, हुणसूरच्या त्या शटरखाली उभा राहून मला हे कळलं. तिला सांगायला पाहिजे होतं. कुणाला सांगू?

बाहेर ट्रक उभा होता, रिटर्न लोडचा. पुण्याहून माल घेऊन आलेला ट्रक रिकामा परत जायच्याऐवजी आपलं सामान नेतो, त्याला रिटर्न लोड म्हणतात. तो थांबत नाही. ड्रायव्हरनं हॉर्न मारला.

"टीचर, ट्रक सोडतो मी," मी म्हणालो. "चार दिवस द्या. वास काढून देतो."

"आणि नाही गेला तर?"

"नव्या गाद्या करून देतो."

"पुस्तकं पण नवी करून द्याल?"

मी ते उघडं पुस्तक त्यांच्या हातातनं घेऊन खोक्यात ठेवलं.

टीचरनी पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. रावसाहेब म्हणाले, पवारला दे.

"पवार, दोन महिने जावयाच्या सोफ्यावर झोपतोय. अजून चार दिवसांनी मी मरत नाही. पण ती तंबाखूची गादी आणलीत तर चार तासांत मरेन. काय ते बघा."

ट्रक गेला.

कृष्णराजनगरला माझ्या ओळखीची एक राईस मिल होती. भात वाळवायला पुढं सिमेंटचं मोठं अंगण. मे महिन्यात मिल बंद, अंगण रिकामं. टेम्पोच्या दोन खेपा करून सगळं तिकडं नेलं. आधी अंगण दोनदा धुतलं, कारण कोंड्याची धूळ दम्याला तंबाखूपेक्षा बरी असं कोण सांगणार? टीचर म्हैसूरला मैत्रिणीकडे उतरल्या आणि रोज सकाळी बसनं हजर.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं.

"तोंड उघडा."

महादेव माझ्याकडे बघायला लागला. "अण्णा, काय चाललंय?"

"उघड बाबा. मी पण उघडतोय."

पाचही पुड्या त्यांनी गोळा करून पर्समध्ये टाकल्या. "सामानाला हात लावायचा असेल तर चार दिवस बंद."

"अय्यो टीचर, हात उचलणार नाहीत आमचे!" महादेव ओरडला.

"पस्तीस वर्षं आठवीचा वर्ग सांभाळलाय मी. उचलतील."

उचलले. गाद्या उसवल्या, कापूस उन्हात पसरला, पिंजाऱ्याला बोलावून पिंजून घेतला, खोळी नव्या शिवल्या. कपडे धोब्याकडे दोनदा गेले. लाकडी कपाटं लिंबाच्या पाण्यानं पुसली. पुस्तकं सतरंजीवर उभी केली, पानं पंख्यासारखी उघडून. दुपारी वारा सुटला की सगळं अंगण फडफडायचं. मी आणि टीचर सावलीला बसून बघायचो. तंबाखू नव्हती, कपाळ ठणकत होतं, तरी बरं वाटत होतं. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा कितीतरी बरं.

तिसऱ्या दिवशी टीचरनी गादी हुंगली. "गेला."

पुस्तक हुंगलं. "गेला."

मग सोफा हुंगला. "हा पण गेला."

मला शंका आली. फोमचा सोफा इतक्यात सुटणार नाही. मी म्हटलं, "टीचर, रागावू नका. तीन दिवस वासात बसून तुमचं नाक पण आमच्यासारखं झालंय."

त्यांनी सोफा परत एकदा हुंगला. मग म्हणाल्या, "कोऱ्या नाकाचं माणूस आणा."

मिलच्या वॉचमनची बायको रंगम्मा त्याच दिवशी माहेरहून आली होती. तिला मराठी येत नव्हतं, पण लागलंच नाही. गादी हुंगली, मान डोलावली. कपाटात डोकं घातलं, मान डोलावली. पुस्तकं एकेक करून बघितली आणि जुनी वीस-पंचवीस बाजूला टाकली. सोफ्याजवळ गेली मात्र, तीन पावलं मागं सरली.

"बेडा, बेडा!" नको, नको.

टीचर हसायला लागल्या. "घ्या. माझी परीक्षा पण झाली, आणि मी नापास."

बाजूला टाकलेली पुस्तकं त्यांनी एकदा चाळली, दोन ठेवली पाहिजेत म्हणाल्या, मग ती पण परत त्याच ढिगात टाकली. सोफा मिलच्या ऑफिसला दिला. त्याच्या बदल्यात पुण्यात मी नवा घेऊन दिला. गोडाऊन मी निवडलं होतं, चूक माझीच.

पाचव्या दिवशी दुसरा ट्रक भरला. टीचर ट्रेननं पुढं गेल्या. सामान पोचलं त्या दुपारी मी म्हैसूरला, देवराज मोहल्ल्यातल्या माझ्या दुकानात फोनसमोर बसून होतो. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हटलं. चार वाजता फोन वाजला.

"पवार, गादी घातली. हे आडवे झालेत, तास झाला."

"खोकला?"

"नाही."

"पंप?"

"खिशात आहे, काढला नाही."

"मग तुम्ही इतकं हळू का बोलताय?"

"अहो, घोरतायत!"

त्यांनी फोन तिकडं धरला. मला ऐकू आलं. चांगलं जोरात, एकसारखं. मी ते पुरं ऐकून घेतलं आणि मगच फोन ठेवला.

तंबाखू मी सोडली नाही, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर न खाणारं माणूस आत पाठवल्याशिवाय एकही गोडाऊन घेतलं नाही. ह्या धंद्यात सामानाची लिस्ट सगळेच करतात. आपल्याला काय कळत नाही, त्याची पण एक करावी.