फाडलेली बत्तीस पानं

माझ्या मुलीची स्केचेसची वही मी माझ्या हातांनी साफ केली. 'साफ केली' असंच मी त्या रविवारी बायकोला सांगितलं, तेही मोठ्या तोऱ्यात.

मुलगी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला प्रॉडक्ट डिझाइन शिकायचं होतं आणि युनिव्हर्सिटीतली जागा या एका प्रोजेक्टच्या ग्रेडवर अडली होती. विषय तिने घरातूनच उचलला. तिच्या आईची बोटं थंडीत सुजतात, लोणच्याच्या बरणीचं झाकण तिच्याने उघडवत नाही. त्यासाठी हातात धरायचं काहीतरी करायचं होतं. वर्षभर पोरगी त्यात बुडालेली. आईच्या मुठीचे मातीत ठसे घे, त्यांचे फोटो चिकटव, ट्रेनमध्ये काही सुचलं की तिकिटामागे काढ आणि ते तिकीटच वहीत डकव. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या घरात ती वही कुठेही लोळत असायची. पानोपानी खाडाखोड, चहाचे डाग. एका चित्रावर तर भलीमोठी फुली मारून शेजारी 'मूर्खपणा' असं इंग्रजीत लिहिलेलं.

मला ती वही बघवायची नाही. आमच्या वस्तीतून इंजिनिअरिंगला गेलेला मी पहिला. ड्रॉइंगच्या शीटवर शाईचा ठिपका पडला की सर ती वर्गासमोर परत करायचे. इतरांचा ठिपका नुसता ठिपका असायचा, माझा ठिपका माझ्या जातीचा असायचा. म्हणून कच्चं काम मी कधी कुणाच्या नजरेला पडू दिलं नाही. वेगळ्या कागदावर करायचं, पक्कं उतरवायचं, कच्चं फाडून टाकायचं. तीस वर्षं मी असाच जगलो आणि त्याचा मला अभिमानही होता.

वही मंगळवारी द्यायची होती. मुलगी शनिवार-रविवार मैत्रिणीकडे गेली होती, तिथूनच सोमवारी शाळेत जाणार होती. मी पट्टी आणि ब्लेड घेऊन बसलो. खोडलेली, चुकलेली, डागाळलेली बत्तीस पानं काढली. शेवटची नऊ सुबक होती, ती ठेवली. वर तिच्या नावाचं लेबल छापून लावलं आणि कागद रिसायकलिंगच्या डब्यात टाकले. सोमवारी सकाळी कौन्सिलची गाडी येऊन ते घेऊन गेली.

दुपारी शाळेतून येऊन तिने वही उघडली आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "बाबा, बाकीचा पानं कुठे आहे?"

मी सांगितलं.

"पण मार्क्स त्यालाच होते," ती म्हणाली. "तेच माझा प्रोजेक्ट होता."

मग आईला समोर बसवून तिने पुन्हा मातीत मूठ दाबायला लावली आणि जुनी चित्रं आठवून काढायला बसली. पण उत्तर माहीत असताना केलेल्या चुका खोट्या निघतात. चार पानांनंतर तिने पेन्सिल खाली ठेवली.

शाळेतल्या बाईंनी आम्हाला बोलावलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. झाकण उघडायचं मॉडेल चांगलं आहे, पण ही तिथवर कशी पोहोचली ते वहीत दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याला मार्क देता येत नाहीत, असं त्यांनी हळू आवाजात समजावलं. चूक माझी आहे, तसं लिहून सही करून देतो, असं मी म्हणालो. माझं पत्र त्यांनी वर, परीक्षा मंडळाकडे पाठवलं. त्याने काहीही झालं नाही.

जागा गेली. आता ती दुसऱ्याच गावात बिझनेसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. छान चाललंय, असं मी लोकांना सांगतो आणि सांगताना मला माझी किळस येते.

ईस्टरला ती घरी आली होती. आम्ही किचन बदलायचं म्हणत होतो, म्हणून बायकोने तिला विचारलं की सिंक कुठे घ्यावं, कपाटं कुठे. तिने पांढरा कागद घेतला, पट्टी घेतली. बराच वेळ काहीच न काढता बसली आणि मग एकदाच काढलं. एक रेघही खोडली नाही.

"आणखी एक-दोन काढून बघ ना," मी म्हणालो. "रफ काढ. कसंही."

"कशाला, बाबा?" ती म्हणाली. "हे करेक्ट आहे."

खरंच बरोबर होतं. मीही अगदी तसंच काढलं असतं.