आप्पा रोजे का धरायचे

बीडला मुलीच्या क्लासजवळ खोली बघायला गेले होते. एसटी स्टँडसमोर रिक्षा ठरवत असताना फोन वाजला. नाव दिसलं हबीबचाचांचं. आमच्या दुकानाला लागून त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे आणि ते मला सहसा फोन करत नाहीत. म्हणाले, "सूनबाई, आप्पा गेला." मी विचारलं, "कुठं?"

आज हे लिहितानासुद्धा त्या प्रश्नाची लाज वाटत नाही, कारण तो प्रश्न खरा होता. माझे सासरे गुरुलिंगआप्पा गेल्या तीन वर्षांत कितीदा तरी गेले होते. कधी स्टेशनवर, कधी शाळेच्या मैदानावर, एकदा तर परळीच्या गाडीत बसून. विसरायला लागल्यापासून त्यांना पाय फुटले होते, आणि दर वेळी हबीबचाचाच त्यांना हुडकून आणायचे. त्यामुळं मी रिक्षावाल्याला थांबवून फोनवर चाचांनाच विचारत होते, स्टेशनवर बघितलं का, मारुतीच्या पारावर बघितलं का... मग माझे यजमान महेश यांनी फोन घेतला आणि मला कळलं.

घाटनांदूरला पोचेपर्यंत आप्पांना ओसरीत बसवलेलं होतं. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवूनच नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. कपाळभर विभूती, गळ्यात इष्टलिंग. हबीबचाचा भिंतीला टेकून उभे होते. मूठमातीच्या वेळी त्यांनी माती टाकली आणि हात वर घेतले दुआसाठी, मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते जोडायला गेले, आणि दोन्हीच्या मधे कुठंतरी ते हात तसेच राहिले. महेश सांगतात, विधी करणाऱ्या स्वामींनी हलकेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ते बाजूला झाले.

त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं मला एकच गोष्ट विचारली. आप्पा रोजे का धरायचे? जणू घरातल्या सुनेला ते माहीत असणारच. मला माहीत नाही. वीस वर्षं मी त्यांच्यासाठी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, आणि मला माहीत नाही.

लग्न होऊन आले त्या वर्षी रमजान दिवाळीत आला होता. एका पहाटे अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, मला उठवायला आल्या आणि म्हणाल्या की भाकरी टाक, आजपासून ह्यांचे रोजे. मला वाटलं, मी झोपेत काहीतरी ऐकलं. माझं माहेर लातूरकडचं. तिथं आम्ही सोमवार धरायचो, शिवरात्र धरायचो, पण रोजा हा शब्द घरात कुणी आपला म्हणून उच्चारला नव्हता. मी स्वयंपाकघरात आले तर आप्पा अंघोळ करून पूजेला बसलेले. लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाणीसुद्धा पीत नसत, म्हणून रमजानात त्यांना शेजारच्या हबीबचाचांपेक्षाही लवकर उठावं लागायचं. तळहातावर लिंग घेऊन ते डोळे मिटून बसायचे, मग विभूती लावायचे, मग ज्वारीची भाकरी, दही, कांदा आणि तांब्याभर पाणी. लांबून अजान आली की ताटावरून उठायचे. आईला मी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "माणूस तब्येतीनं बरा आहे ना?"

माणूस बरा होता. दिवसभर गल्ल्यावर बसायचा, शेंगदाणे, गूळ, फुटाणे लोकांना तोलून द्यायचा आणि तोंडात दाणासुद्धा टाकायचा नाही. कुणाशी त्यावर बोलायचा नाही. भुकेनं चिडचिडसुद्धा करायचा. दुपारी चारच्या पुढं आप्पांशी बोलायला महेशही घाबरायचे. संध्याकाळी मात्र दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथं पोती रचलेली असतात, तिथं हबीबचाचा खजूर घेऊन यायचे. दोघं एका पोत्यावर बसायचे. चाचांच्या घरच्या जैबुनचाची आप्पांसाठी वेगळ्या कढईत भजी तळायच्या, त्यात अंडं-मटणाचा चमचासुद्धा लागू द्यायच्या नाहीत. त्या पहिल्या वर्षी आमच्याकडून चकल्या आणि बेसनाचे लाडू गेले. मला आठवतं, आप्पा चकली मोडत हबीबचाचांना म्हणाले, "खा बे, सुनेनं केल्यात, लई कडक झाल्यात पर खा." मी पडद्यामागं उभी होते. मला हसू यावं की रडू, ते कळेना.

मी अव्वांना विचारलं. त्या म्हणाल्या की महेश लहानपणी तापानं फणफणले होते, तेव्हा आप्पांनी अंबाजोगाईच्या वाटेवरच्या दर्ग्यात नवस केला. मला ते पटलं. बरीच वर्षं मी तेच सगळ्यांना सांगत होते. मग एकदा युसूफ वडगाव या गावच्या आत्या, आप्पांच्या थोरल्या बहीण, राहायला आल्या. त्या हे ऐकून हसल्या. महेशचा तर जन्मही नव्हता तेव्हापासून तो धरतो, म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणं दुष्काळाच्या साली दोन्ही घरांत एकच वेळ चूल पेटायची. हबीबच्या आईनं पोरांना सांगितलं, दिवसा मागायचं नाही, आपला रोजा आहे. रमजान होता की नव्हता तेही आत्यांना ठाऊक नाही. दोन्ही पोरं तेव्हापासून... हबीबचाचांना मी हे सांगितलं तर त्यांनी मान हलवली. तसं काही नाही, आम्ही दोघं तालमीत जायचो तेव्हा पैज लागली होती, मी म्हटलं तुला एक दिवस जमणार नाही, त्यानं महिना काढला. मी विचारलं, मग पुढच्या वर्षी? "पुढच्या वर्षी तो न सांगताच आला," ते म्हणाले. "मी कशाला विचारतोय?"

तीन माणसं, तीन गोष्टी. तिघंही खोटं बोलणारी नव्हती.

शेवटी एकदा मी आप्पांनाच विचारलं. तेव्हा त्यांची स्मृती चांगली होती. ते तराजूची पारडी पुसत होते. मी अव्वांची गोष्ट सांगितली, आत्यांची सांगितली, चाचांची सांगितली. त्यांनी तिन्ही नीट ऐकून घेतल्या, मधे एकदा "आसं व्हय?" म्हणाले, जणू दुसऱ्या कुणाबद्दल ऐकत होते. मग म्हणाले, "आसंल बाई. मला बी आता नीट याद न्हाई." आणि पुन्हा पारडं पुसायला लागले. मला वाटलं, टाळतायत. आता वाटतं, कदाचित खरंच सांगत होते.

त्यांना या गोष्टीचा गवगवा आवडायचा नाही. एका वर्षी तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं मोठी इफ्तारी ठेवली आणि निरोप धाडला की आप्पांनी मंचावर बसावं, हबीबभाईंनी शेजारी बसावं, फोटो चांगला येईल. आप्पा नाही म्हणाले नाहीत. संध्याकाळी गाडी न्यायला आली तर दुकान बंद. महेश सगळीकडं फोन करत बसले. दोघं स्टेशनच्या बाकावर बसून खजूर खात होते. नंतर त्याच महिन्यात आमच्या समाजातले एक वडीलधारे गृहस्थ आप्पांना समजवायला आले, की हे आपल्यात शोभत नाही. आप्पांनी त्यांना चहा मागवला, त्यांचं सगळं ऐकलं, त्यांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली आणि पायरीपर्यंत पोचवायला गेले. आत आल्यावर मी विचारलं, काय म्हणालात? म्हणाले, "काय म्हननार? त्यांचं बी बरोबर हाय." दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पूजेला बसले होते.

मग अव्वा गेल्या आणि हळूहळू आप्पा विसरायला लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग भाव, मग वार. आणि एका श्रावणात त्यांनी सकाळी ताट सारलं आणि म्हणाले, रोजा हाय माझा. शुगरच्या गोळ्या चालू होत्या, उपाशी राहून चालणार नव्हतं. मी सांगितलं रमजान नाही, महेशनी कॅलेंडर दाखवलं, ते ऐकेनात. मी शेजारी जाऊन हबीबचाचांना सांगितलं. ते आले, मागच्या खोलीत गेले, तिथलं शटर अर्ध्यावर ओढलं, अंधारलं तेव्हा म्हणाले, "चल बे, मगरीब झाली." भर दुपार होती. आप्पा खजूर चघळत म्हणाले, आज दिवस लवकर बुडाला. चाचा म्हणाले, थंडीचे दिवस हायत. दोघांच्याही कपाळावरून घाम गळत होता.

असं मग बरेचदा झालं. आयुष्यात नमाज न चुकवलेला माणूस भरदुपारी सूर्य बुडवायचा. मी एकदा म्हणाले, चाचा, तुम्हाला हे खोटं बोलायला लागतंय. ते म्हणाले की त्यांनी मौलानांना विचारलेलं नाही, विचारणारही नाहीत.

त्यापुढचा खरा रमजान आला तेव्हा आम्ही ठरवलं होतं की आप्पांना कळूच द्यायचं नाही. पण पहाटेची अजान कुणी कशी थांबवणार? त्यांनी धरला. दुपारी गल्ल्यावर त्यांचे हात थरथरायला लागले, अंग घामानं भिजलं. मी साखरेचं पाणी ओठांना लावलं तर त्यांनी तोंड फिरवलं. मी शेजारी धावले. हबीबचाचांच्या स्वतःच्या तोंडाला पहाटेपासून पाणी नव्हतं. ते आले, म्हणाले, आप्पा, वेळ झाली, खा. आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. डोळ्यांत ओळख होती की नव्हती सांगता येत नाही, पण म्हणाले, "तू खा आधी."

हबीबचाचांनी माझ्याकडं बघितलं. मग खजूर तोंडात टाकला आणि चावला. आप्पांनी लगेच दुसरा घेतला, मी पेला लावला, ते घटाघट प्याले. थोड्या वेळानं हात स्थिर झाले. मी मागं बघितलं तर चाचा परसातल्या नळाकडं निघाले होते. त्यांनी तो घास गिळला की थुंकला, मी बघितलं नाही. मला बघायचंही नव्हतं.

ईद होऊन गेल्यावर एका सकाळी मी त्यांच्या दुकानात चहा घेऊन गेले. ते म्हणाले, आज नको. मला एकदम वाटलं, तो राहिलेला रोजा ते आता फेडतायत. मी विचारलं, चाचा, त्या दिवसाचा का? "कोणत्या दिवसाचा?" म्हणाले आणि समोरच्या मुलीच्या हातात बांगडी चढवायला लागले. नंतर जैबुनचाचींकडून कळलं की ईदनंतर काही जण पुण्य लागतं म्हणून आणखी रोजे धरतात, चाचा दर वर्षी धरतात. म्हणजे ते काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षीच्या रमजानात आप्पांना काहीच आठवत नव्हतं. अजान झाली तरी ते झोपून राहायचे, भरवलं तर खायचे. एका परीनं आम्ही सुटलो होतो. हबीबचाचा तरीही संध्याकाळी थोडे आधीच येऊन त्यांच्याजवळ पोत्यावर बसायचे. मी आप्पांना वरणभात भरवत होते. आप्पा चाचांकडं बघून म्हणाले, "तू कावून खात न्हाईस बे?"

"रोजा हाय माझा," चाचा म्हणाले.

"रोजा मंजी?"

मी घास हातात धरून थांबले. चाचांनी दाढीवरून हात फिरवला, मग सांगायला लागले, लहान लेकराला सांगावं तसं. "मंजी... आपुन दोघं दिवसभर काय खात न्हाई. मंग सांजच्याला संगं बसून खातो."

आप्पांनी विचार केला. अगदी मनापासून केला, भुवया वर चढल्या. म्हणाले, "आसं कावून?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. इतकी वर्षं जे सगळे त्यांच्याबद्दल विचारत आले होते... चाचा हसले आणि मग त्यांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली. मी आप्पांच्या तोंडात घास दिला. ते चावत राहिले, उत्तराची वाट बघत, आणि मग तेही विसरून गेले.

या संक्रांतीनंतर ते गेले. झोपेतच गेले. आता रमजान चालू आहे. पहिल्या पहाटे मला आपोआप जाग आली. मी परातीत पीठ घेतलं, तवा ठेवला, भाकरी फुगली तेव्हा लक्षात आलं की खाणारं कुणी नाही. टाकवली नाही म्हणून मीच दह्याशी खाल्ली. मग दिवसभर कामात होते. महेशनी चहा दिला तो मी का घेतला नाही, सांगता येणार नाही. संध्याकाळी मागच्या खोलीत गूळ काढायला गेले तर हबीबचाचा पोत्यावर बसलेले. घरी घास उतरत नाही म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लंस? मी सांगितलं, पहाटेची भाकरी.

"नियत केलतीस का? मनाशी ठरवून धरलास?"

"न्हाई, चाचा. मंजी... मला ठाऊक न्हाई."

अजान झाली. त्यांनी खजूर माझ्या हातावर ठेवला. तेव्हापासून मी रोज पहाटे उठते आणि रोज संध्याकाळी आम्ही तिथं बसतो. आप्पांची जागा दोघांच्या मधे आपोआप रिकामी राहते. परवा एक ओळखीच्या बाई साबुदाणा घ्यायला आल्या होत्या. आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "आगं बाई, तुमी बी धरताव? कावून वो?"

मी चाचांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. माझ्या लक्षात आलं, त्यांना वाटत होतं की मला माहीत असेल.