कंपनीच्या फाटकातला लिंबाचा वास

निघोज्यात आमची लिंबोणीची बाग होती, तिथंच आता कंपनी उभी हाय. शिफ्ट सुटली की एक माणूस फाटकाबाहेर यायचा, गाडीच्या आरशात भांग पाडायचा आणि गळ्याला सेंट मारायचा. आधी ताजं लिंबू चिरल्यागत वास, मागनं धुपाची ऊब. समोरच्या कट्ट्यावर मी डोळे मिटायचो, की थेट झाडाखाली. सेंटचं नाव विचारलं न्हाई. मी का कुणाचा मिंधा?

एकदा तोच म्हणाला, "बाबा, रोज वास घेता. हात करा पुढं."

"असले नाद मला न्हाईत."

"लग्नात अत्तर लावून घेता की!"

मग मी हात पालथा केला.

घरी सून म्हणाली, "तात्या, हात धुवा, ताट वाढलंय."

म्हटलं, "आज भूक न्हाई."