डबीतलं तीर्थ

“मी तुमच्या डोळ्यात बोट घातलंच नाई, भाऊ. मिशी चिकटवली, टिळा ओढला. बस.”

“मंग घाण का वाऱ्यानं आली? नागपूरचा डॉक्टर सांगून राह्यला, डोळ्यात घालाच्या भिंगावर जंतूंनी घर केलं म्हणून. चिकट पापुद्रा धरला म्हणे. धुवूनई निघत नाई.”

“त्यानं माहं नाव घेतलं?”

“नाव कायले घेतीन? अस्वच्छ हात लागला म्हणे. आमच्यात रंगाचे हात कोणाचे?”

गुणवंतराव ओसरीवर बसले होते, डाव्या डोळ्यावर पट्टी. मुखरू पायरीखाली उभा, काखेत रंगाची पेटी. बारा वर्षं तो नाटक मंडळीतल्या राजाराण्यांचे चेहरे रंगवत आला होता. आठ दिवसांवर ब्रह्मपुरीचा प्रयोग होता आणि आज त्याला सांगितलं जात होतं, की आता येऊ नकोस.

दाराआड सुगंधाबाई उभी होती. पदराखालच्या मुठीत भिंगांची डबी.

गुणवंतरावांना चष्म्यावाचून हातभर अंतरावरचं दिसत नसे, आणि राजाला चष्मा शोभत नाही. एका प्रयोगात त्यांनी शत्रू समजून तबलजीवरच तलवार उगारली. लोक हसून लोळले. मग मुंबईच्या डॉक्टरनं डोळ्यात बसवायची भिंगं करून दिली. बाया ती बघायला येत आणि सुगंधाबाई डबी अशी उघडे, जणू देव्हाराच.

राजुऱ्याहून ती सून म्हणून आली, तेव्हा सासूनं तिचा हात धरून रांजणात घातला होता. “आतून बोट फिरव. बुळबुळ लागते? मंग घासला नाई. वरून चमकते त्याले काय चाटाचं?” तेव्हापासून तिच्या घरची भांडी आतून घासली जात. गावात तेवढंच तिचं नाव होतं, आणि तेवढंच तिला पुरत होतं.

डॉक्टरनं बजावलं होतं, मीठ घालून उकळलेलं पाणी रोज नवं, जुनं फेकायचं, डबी पुसायची. महाशिवरात्रीपर्यंत तिनं ते पाळलं. मग मार्कंड्याच्या जत्रेतून तीर्थ आणलं आणि यांच्या डोळ्यांना गुण यावा म्हणून डबीत घातलं. तीर्थ उकळवायचं कसं? मोरीत फेकायचं कसं? रोज सकाळी ती वरून चार थेंबांची भर घालत राहिली. महिनाभर.

आज सकाळी तिनं डबीत बोट फिरवलं होतं. बुळबुळ लागली. रांजणाच्या तळासारखी, गार.

“बाई,” मुखरूनं दाराकडे पाहिलं, “तुमीच सांगा. दर खेपी रंग लावाच्या आंधी मी राखेनं हात धुतो का नाई? पाणी तर तुमीच वरून सोडता.”

सोडत होती. उंचावरून, तांब्या त्याला लागू न देता. त्याचे पंजे तिला पाठ होते; नखांत कधी काळं दिसलं नव्हतं.

“तिले कायले विचारतं?” गुणवंतराव म्हणाले.

“त्याईनंच पाह्यलं, म्हणून.”

सुगंधाबाईनं चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखानं उकरला. सांगितलं तर यांचा डोळा बायकोनं घालवला असं होईल, आणि देवाच्या पाण्यानं घालवला असंही.

“पाह्यलं? नाई बोलली,” गुणवंतराव म्हणाले. “तुमच्या लोकांनी किती राख चोळली तरी...”

वाक्य तिथेच राहिलं. पण ते पुरं कसं होतं हे तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं.

मुखरूनं पेटी खाली ठेवली, तिची दोरी सोडली, पुन्हा घट्ट बांधली. दोरी ठीकच होती.

“डबी माह्याकडं होती,” सुगंधाबाई बाहेर येत म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “पाणी मी बदललं नाई. तीर्थ होतं, वरून भर घालत गेली. आतून बुळबुळ आहे. सकाळपासून मले मालूम आहे, मुखरू. तू आला त्याच्या आंधीपासून.”

गुणवंतरावांनी उघड्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“बोट फिरवून पाय,” तिनं डबी पुढे केली. यावेळी हात खाली होता, त्याच्या हातापर्यंत. “तुहा हात साफ होता. मी पाह्यला होता. ब्रह्मपुरीले तूच रंगव. येशील ना?”

मुखरूनं डबीकडे पाहिलं, तिला हात लावला नाही. पेटी उचलली. बारा वर्षं तो चपला फाटकाबाहेर काढून आत येई. आजही तिथेच होत्या. त्यानं जाऊन त्या आणल्या, अंगणाच्या मधोमध सारवलेल्या भुईवर ठेवल्या, पायात घातल्या, आणि मागे वळून न पाहता चालत निघून गेला.