जुरासिक डोक्याची आखणी

गिरणी बंद पडल्यावर बाबा आमच्या नाहूरच्या खोलीजवळच्या गणपतीच्या कारखान्यात आखणीला जायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते काम सगळ्यात शेवटी, आणि जाणत्या हाताचं. त्या वर्षी मात्र चहाचा कप ठेवताना ते आधी बोटांनी टेबलाची कड चाचपायचे. विचारलं की खेकसायचे. सीझन तोंडावर आला होता आणि त्यांना दिसतंय की नाही हेच मला कळत नव्हतं.

मी तेव्हा मुलुंडच्या एका कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. परदेशात नव्याने सापडलेल्या एका उडत्या सरीसृपाच्या कवटीचा साचा आमच्या सरांकडे आला होता. जुरासिक काळातला प्राणी, पक्षी नव्हे आणि वटवाघूळही नव्हे. वीतभर लांब डोकं, पुढे आलेले दात. प्रदर्शनासाठी प्लास्टरची प्रत हवी होती. "माझे बाबा करतील," मी पटकन म्हणाले आणि त्याच संध्याकाळी साचा घरी नेला. खोटं कशाला बोलू, मी त्यांची परीक्षा घेत होते. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले तर खिडक्या बंद, खोलीत अंधार; उघड्या दारातून येईल तेवढाच उजेड. बाबा चटईवर बसलेले, हातात ब्रश. समोर पाटावर ती कवटी, चोच दाराकडे. आणि तिला डोळे होते.

कवटीला नुसत्या खोबणी असतात. बाबांनी त्या प्लास्टरने लिंपून वर डोळे रंगवले होते.

"साच्यात हवा रवली होती," ते म्हणाले. "भोकां पडली. भरून टाकलंय."

"बाबा, हाडांना डोळे नसतात."

"डोळ्यांशिवाय कसो सोडू तेका? आंधळो रवतलो."

इतके जिवंत डोळे त्यांच्या कुठल्याच मूर्तीला मी पाहिले नव्हते. पिवळसर बुबुळ, आत उभी काळी रेघ, कडेला पांढरा ठिपका. मूर्तीच्या डोळ्यांत माया असते. या डोळ्यांत ओळख होती, आणि ती मला नको होती. मी बाजूला सरकले तर ते डोळेही माझ्याबरोबर सरकले. मी दिव्याचं बटण दाबलं.

बाबांची मान वळली नाही, पापणीसुद्धा लवली नाही.

"दिवो लाव गो," ते म्हणाले. "काळोखात कित्याक उभी रवलंस?"

दिवा लखलखीत लागलेला होता. मी बटण उगाच एकदा खाली-वर केलं. "लावला," मी म्हणाले.

"तो खंय बघता?"

"तुमच्याकडे."

ते चटईवर हातभर सरकले. "आता?"

मी पाहिलं. खोटं बोलायची वेळच आली नाही. "अजून तुमच्याकडेच."

बाबा समाधानाने हसले. सगळे ब्रश फडक्याने पुसून त्यांनी डब्यात ठेवले, झाकण घट्ट लावलं. "कारखान्यात सांग," म्हणाले, "यंदा माझी वाट बघू नकात म्हणून."

इतकं स्पष्ट ते आधी कधीच बोलले नव्हते. आणि तेही त्यांनी मला नाही, त्या डोक्याकडे तोंड करून सांगितलं.